वकीलसाहेब, सनद दाखवा

मोर्चा काढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. निवेदन लिहिता येतं, तहसीलसमोर बसता येतं, ठाणेदाराच्या टेबलावर हात आपटून एफआयआर नोंदवून घेता येतो. वाघ आहोत आपण. आणि हेच वाघ दुसऱ्या दिवशी वकिलाच्या दारात चपला काढून उभे राहतात. 'साहेब, तुमीच आमचे मायबाप.' ठाणेदाराला कलम विचारणारं तोंड काळ्या कोटापुढं शिवल्यागत का होतं, याचं उत्तर मला पाहिजे आहे. पुढारी देत नाहीत. म्हणून मीच लिहायला बसलो.

लाखांदूर तालुक्यात मी बारा-पंधरा वर्षं हेच काम करतो आहे. बांधीचा वाद, पांदण रस्त्याचा वाद, मारहाण, ॲट्रॉसिटी, ट्रॅक्टरखाली मेलेला मजूर, नांदवत नाही म्हणून परत आलेली पोरगी. प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारतो, वकील कोणी निवडला? उत्तरं ऐका. 'अर्जनवीस म्हणला याले द्या.' 'चहावाल्याच्या ओळखीचा होता.' 'भाऊनं फोन केला, आपलाच माणूस आहे म्हणे.' बैल घ्यायचा तर आपला बाप दात पाहतो, शेपटी ओढून पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. घरादाराचा मामला ज्याच्या हाती द्यायचा त्याचा एक कागद पाहत नाही. बरं, पाहू म्हटलं तर आपलेच कार्यकर्ते डोळे वटारतात. 'काय बे, वकीलसाहेबावर डाउट घेतं का?'

हो. घेतो. आणि घ्यावाच.

दोस्तहो, एक निकाल सांगतो. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकिलाच्या सेवेत खोट निघाली तरी त्याला ग्राहक मंचात खेचता येणार नाही. वकीलमंडळी खूश. पण कारण काय दिलं ते कुणी आपल्याला वाचून दाखवलं नाही. कारण असं की वकिलानं काम कसं करावं यावर अशिलाचा थेट ताबा असतो, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे. म्हणजे काय? त्याला कामावर आपण ठेवतो. अशिलाच्या सांगण्याबाहेर जाऊन त्याला तडजोड करता येत नाही, मामला सोडता येत नाही. देशातलं सर्वांत मोठं कोर्ट म्हणतं ताबा तुझा, आणि आमचा गडी म्हणतो मायबाप! हात जोडायची सवय देवळाबाहेर उभं राहून लागली होती. देऊळ सोडलं, देव सोडले, सवय तेवढी कोर्टाच्या पायरीपर्यंत आली.

आता सनदेचं. कायद्याची पदवी म्हणजे सनद नव्हे. एलएल.बी. झालेला माणूस वकील होत नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत नाव चढलं म्हणजे तो वकील. आपल्याकडं ती यादी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा ठेवते. प्रत्येकाला नंबर असतो आणि त्यात नोंदणीचं साल असतं. वकील वकीलपत्रावर आपला नंबर घालतो. तो उतरवून घ्या, कौन्सिलकडं विचारा. २०१० पासून एक अखिल भारतीय परीक्षाही लागू झाली आहे. नव्या पदवीधराला ती पास व्हावी लागते, तेव्हाच पुढं वकिली करता येते. सनद नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. कुणी म्हणेल, एवढं कुठं असतं? २०२३ साली देशभरच्या वकिलांच्या पदव्या तपासायला सर्वोच्च न्यायालयाला एका निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. उगाच नेमली काय?

पाट्यांना भुलू नका. 'हायकोर्ट वकील' अशी पाटी पाहिली की आपल्या माणसाचा जीव दडपतो आणि फी दुप्पट झाली तरी तो हूं करत नाही. २०११ सालापासून यादीतल्या कुठल्याही वकिलाला देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. ती पाटी लाखांदूरचा कालपरवाचा पोरगाही लावू शकतो. 'सीनियर ॲडव्होकेट' ही पदवी मात्र वेगळी. ती हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टच देतं, केस पांढरे झाले म्हणून मिळत नाही. आणि असा सीनियर स्वतः वकीलपत्र दाखल करत नाही, त्याच्यासोबत दुसरा वकील लागतो, म्हणजे दोन फी. हे कुणी आधी सांगतं का? पाटी वाचण्यापेक्षा विचारा की साहेब, असल्या किती केसेस चालवल्या, साक्षीपुरावा स्वतः घेता की ज्युनियर पाठवता, पेशीला तुम्ही येणार की 'तारीख घेऊन टाक' असा निरोप येणार. चिडला तर समजून जा.

आपल्या बापाला तरी सनद कुठं सहज मिळाली होती? बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करायची तर सनदेला भरायला जवळ पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं ते दिले. पुढं अस्पृश्य बॅरिस्टरला कामं द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते, म्हणून संस्थेत शिकवून घर चालवावं लागलं. तरी गरिबाचा मामला आला तर हा माणूस फुकट लढला. महाडचं पाहा. मार्च १९२७ मध्ये तळ्याचं पाणी प्यालो. डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा टाकला आणि बाबासाहेबांनाच प्रतिवादी केलं. १२ डिसेंबर १९२७ चा तो दावा, आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. सव्वानऊ वर्षं! अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची चाल अनादिकाळापासूनची आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. तिथं हरले ते. सत्याग्रहाचे फोटो भिंतीला लावणाऱ्यांनो, त्या सव्वानऊ वर्षांच्या तारखा कोणी सांभाळल्या हे कधी विचारलंत?

फीकडं येतो. पोटाचा विषय तोच आहे.

फी किती असावी याचा सरकारी भाव नाही. वकील आणि अशील यांच्यात ठरेल ती. म्हणून तर ठरवताना तोंड उघडायचं असतं. कोणी एकरकमी घेतो, कोणी पेशीमागं घेतो, कोणी टप्प्याटप्प्यानं घेतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते 'देऊन टाका जे समजते ते' हे वाक्य. असं म्हणणारा वकील उदार वाटतो. सहा महिन्यांनी त्याला काय समजतं ते कळतं. आमच्या गटानं आता नियमच केला आहे. कागदावर लिहून घ्यायचं की कोणतं कोर्ट, निकालापर्यंत की फक्त जामिनापर्यंत, अपील यात धरलं की वेगळं, कोर्ट फी, टायपिंग आणि नकलांचा खर्च कोणाचा, मामला मधेच मिटला तर उरलेल्या पैशाचं काय. आणि प्रत्येक रकमेची पावती. पावती मागितली तर अपमान होत नाही कोणाचा. खताच्या दुकानात मागतोच ना आपण? बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमच सांगतात की अशिलाच्या पैशाचा हिशेब वकिलानं ठेवायचा, फीचा पैसा कोणता आणि खर्चाचा कोणता हे त्यात दिसलं पाहिजे, आणि अशिलानं मागितली तर हिशेबाची प्रत द्यायची.

टक्का हा शब्द आमच्या बाजूला मी पहिल्यांदा धरणाच्या पैशात ऐकला. शेजारच्या पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं. गावं उठली, वाढीव मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं चालले, आणि लोक बोलू लागले, 'आमचा वकील एक पैसा घेत नाही, पैसे आल्यावर टक्का घेते.' किती चांगला माणूस! तीच गोष्ट अपघाताच्या दाव्यात. नागडं सांगतो. निकालावर अवलंबून फी ठरवणं, मिळालेल्या पैशात वाटा घेणं, याला आपल्या देशात वकिलाला मनाई आहे. बार कौन्सिलच्या आचारनियमांत २० वा नियम आहे. ५ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणातल्या एका विधवेच्या प्रकरणात हेच सांगितलं. नवरा १९९८ साली अपघातात गेला, भरपाई मिळाली. वकिलानं दहा लाख घेतले आणि आणखी तीन लाखांच्या चेकवर सही घेतली, असं बाईचं म्हणणं. चेक परत गेला तर वकिलानंच तिच्यावर फौजदारी केली. कोर्टानं ती फौजदारी उडवून लावली. टक्क्याची फी बेकायदा, असल्या फीपोटी घेतलेल्या चेकवर वसुली चालणार नाही.

आमच्याकडं एक मावशी आहे. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, वकिलाचंही नाही. रोवण्याच्या दिवसात तिचा पोरगा ट्रॅक्टर उलटून गेला. दवाखान्यातून मढं बाहेर निघायच्या आधी एक माणूस कागद घेऊन उभा. 'मावशे, अंगठा दे, तुले पैसे भेटतीन.' वकिलानं असा धंदा मिळवायला माणसं फिरवणं हेसुद्धा नियमाबाहेर आहे, पण त्या घटकेला तिला नियम कोण सांगणार? भरपाई झाली. खात्यात आली तशी गेलीही, कारण पासबुक वकिलाच्या मुन्शीकडं आणि चेकबुकावर कोरे अंगठे. शंभरातले तीस गेले. मी आणि दोघं पोरं गेलो. वकीलसाहेब हसले. 'तुमी कोण? तुमची वकिली कोणत्या कॉलेजात झाली?' मी म्हटलं, कॉलेजात नाही झाली, पण २० वा नियम माहीत आहे. हसू थांबलं. उरलेले कोरे चेक आणि पासबुक त्याच दिवशी परत आलं. गेलेले तीस नाही आले. त्यासाठी तक्रार केली आहे. मावशी अजूनही म्हणते, 'जाऊ दे बाबू, त्यानं तं मिळवून देल्ले.' हेच ते वाक्य आहे, ज्याच्यावर या लोकांच्या माड्या चढतात!

वकीलपत्राबद्दल. छापील कागद असतो, पुष्कळदा इंग्रजीत, बारीक टाईप. आपण खुणेच्या जागी सही ठोकतो. त्यात काय काय असतं ते एकदा कुणा शिकलेल्याकडून वाचून घ्या. तडजोड करायचा अधिकार, दावा काढून घ्यायचा अधिकार, कोर्टातून पैसे उचलायचा अधिकार. मामला चालवायला पैसे उचलायचा अधिकार कशाला लागतो? ती ओळ खोडा आणि शेजारी सही करा. कोरं वकीलपत्र, कोरा स्टॅम्प, कोरा चेक, यातलं काही देऊ नका. मूळ कागद देऊ नका, कोर्टानं मागितला तर त्या दिवशी घेऊन जा. वकील बदलायचा हक्क आपला आहे. 'आधी बाकी फी टाक, मग फाईल' असं म्हणतात ना? २००० सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्यानं खुशाल दावा करावा. फाईल आधी.

आता ज्या मामल्यासाठी आपण रक्त आटवतो तो. ॲट्रॉसिटी.

खैरलांजी आपल्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. महाराष्ट्र पेटला, पोरांनी लाठ्या खाल्ल्या. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. पण ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली, आणि जात तिथंही सापडली नाही. चार मढी सापडली, जात नाही सापडली! रस्त्यावर लाखो होतो आपण. जात ठरते ती मात्र जबाबात, पंचनाम्यात, चार्जशीटमध्ये आणि उलटतपासणीत.

म्हणून नीट ऐका. फौजदारी खटला सरकार चालवतं, सरकारी वकील चालवतो. आपण वर्गणी काढून, पन्नास हजार गोळा करून जो खासगी वकील लावतो, तो सरकारी वकिलाच्या मागं बसतो, त्याला मदत करतो. हे त्यानं आधी सांगितलं पाहिजे. बहुतेक सांगत नाहीत. ॲट्रॉसिटीत तर तिसरीच वाट आहे आणि ती मला आमच्या दहा कार्यकर्त्यांतल्या नऊ जणांना माहीत नसलेली दिसली. १९९५ च्या नियमांत ४ था नियम, त्यातला ५ वा पोटनियम. पीडितानं इच्छा सांगितली तर जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतो, आणि फी तोच ठरवून देतो. 'नेमू शकतो' असं आहे, 'नेमलाच पाहिजे' असं नाही, म्हणून तर मागणी पाहिजे. ज्या कलेक्टरला आपण रस्त्यासाठी, नाल्यासाठी, पुतळ्याच्या जागेसाठी निवेदनं देतो, त्याला हे एक निवेदन देत नाही. देतो कोणाला? वर्गणीदाराला पावतीपुस्तक!

२०१६ पासून कायद्यात १५-अ हे कलमही आलं आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचं ऐकून घ्यावं लागतं, नोटीस द्यावी लागते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे बंधनकारक आहे. वकील किंवा सामाजिक कार्यकर्ता यांची मदत घेण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. म्हणजे तुमचा, माझा. साक्षीला जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी नियमाप्रमाणे सरकारनं द्यायची असते. लाखांदूरहून पवनीमार्गे भंडाऱ्याला पेशीसाठी जाणाऱ्या किती साक्षीदारांना ती मिळाली, प्रत्येकानं आपापल्या गावात विचारा.

आणि मदतीची रक्कम. २०१६ च्या दुरुस्तीनं ती गुन्ह्याप्रमाणे पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरली. ती टप्प्यानं येते. काही एफआयआरनंतर, काही चार्जशीट गेल्यावर, काही निकालावर. ती प्रशासन देतं, समाजकल्याण खात्यामार्फत. त्यात वकिलाचं काही काम नाही. शून्य. 'मी तुमचे ॲट्रॉसिटीचे पैसे काढून दिले' म्हणून जो वाटा मागतो, तो वकील असो की आपल्याच निळ्या झेंड्याखालचा पुढारी असो, तो मढ्याच्या अंगावरचं कापड ओढतो. होय, पुढाऱ्यालाही म्हणतो आहे. राग येऊ द्या.

ॲट्रॉसिटी नसली, बांधीचा वाद असला, नवरा-बायकोचा असला, तरी आपल्याला वकील फुकट आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कुठल्याही जातीची बाई, लहान मूल, कोठडीतला माणूस, यांना मिळकतीची अट नाही. मामला प्रथमदर्शनी खरा दिसला पाहिजे, एवढंच. तालुक्याला समिती, भंडाऱ्याला जिल्हा प्राधिकरण, नागपूरला हायकोर्टाची उपसमिती. आपले लोक म्हणतात, 'फुकटचा वकील काय कामाचा?' खोटं नाही ते. या वकिलांना मिळतो तो मोबदला तोकडा, काही जण फाईल उघडूनही पाहत नाहीत. पण पन्नास हजार घेणारा उघडतो याची हमी कोण देतं? फुकटच्याकडून निदान लेखी मागता येतं, समितीकडं वकील बदलून मागता येतो, आणि त्यानं आपल्याकडून एक रुपया मागितला तर तोच तक्रारीचा विषय होतो. शासकीय दवाखान्यात डॉक्टर नसला तर आपण दवाखान्याला कुलूप ठोकतो. विधी सेवेच्या दारात आपलं आंदोलन एकदा तरी झालं आहे का?

आपल्या वकील पोरांबद्दल बोललो नाही तर हे लिखाण अर्धं राहील. पहिल्या पिढीचे, बाप धान कापणारा, ऑफिस म्हणजे कोर्टाच्या आवारातला एक बाक. यांना आपण काय देतो? 'जयभीम वकीलसाहेब, समाजाचं काम आहे.' म्हणजे फुकट. आणि मामला मोठा झाला की त्याची फाईल काढून वरच्या जातीच्या मोठ्या वकिलाकडं, लाखभर मोजून. फुकट राबवताना आपला, पैसे मोजताना परका. हा कोणता आंबेडकरवाद? आपला आहे म्हणून सनद विचारू नये, पावती मागू नये, हे मला मान्य नाही. आपला आहे म्हणून फी बुडवावी, हेही नाही. ठरवा, लिहा, वेळेवर द्या. सनदेलाच या पोरांकडून राज्याराज्यांतल्या कौन्सिल हजारो रुपये उकळत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिली तेवढीच फी घ्या. सर्वसाधारणाला सातशे पन्नास, अनुसूचित जाती-जमातीला एकशे पंचवीस. भथेनाकडं हात पसरायची पाळी शंभर वर्षांनंतरही तीच होती, एवढं ध्यानात घ्या.

फसलोच तर? ॲडव्होकेट्स ॲक्टचं ३५ वं कलम. राज्य बार कौन्सिलकडं लेखी तक्रार, सोबत पावत्या, वकीलपत्राची प्रत, तारखांचा तक्ता. शिस्तपालन समितीपुढं ती चालते. ताकीद, काही काळ सनद बंद, किंवा यादीतून नाव कायमचं काढणं, अशा शिक्षा आहेत. वर्षभरात निकाल नाही लागला तर मामला दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं जातो. न्यायाधीश त्यांच्यातलेच, वकीलच. हे मला ठाऊक आहे, त्यामुळं फार भोळी आशा मी विकत नाही. पण तोंडी रडगाण्यावर तिथं कुणाचं काही वाकडं होत नाही आणि पावती असली तर होऊ शकतं. पैसे परत पाहिजेत तर दिवाणी दावा वेगळा.

भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं, हे आपण दर वर्षी भाषणात सांगतो. या वर्षी भाषण थोडं आटपा आणि विहारात तासभर ४(५) चा अर्ज वाचा. आमच्या गटानं कलेक्टरला असे दोन अर्ज दिले आहेत. दोन्हींची शिक्क्याची पोच आमच्याकडं आहे. एकाचं उत्तर आलं, नाही म्हणून. दुसऱ्याचं यायचं आहे. नमुना पाहिजे असेल त्यानं लाखांदूरला यावं, कागद-पेन घेऊन यावं, उतरवून न्यावा.